भाचीला मॅनेजर मिळालाय, करार नऊ पानी आहे. सही करावी का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज घरचं गाऱ्हाणं घेऊन आलोय.

माझी भाची पलूसकडची. वय १९, सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गाते. लोकगीतं, गवळणी, मूड असला तर लावणी. मळ्यातल्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून म्हटलेली एक गवळण गेल्या दिवाळीत मोबाईलवर जी सुटली ती थांबेचना. तेव्हापासून जत्रांची बोलावणी. आतापर्यंत सगळं दाजी बघायचे. फोन आला की वहीत तारीख मांडायची, बयाणा घ्यायचा, गाडी सांगायची. आता पुण्याहून एक मॅनेजर आलाय. माणूस गोड बोलतो. इंग्रजीतला करार हातात दिलाय आणि "शनिवारपर्यंत सही" म्हणतोय.

मला कळलं तेवढं असं: मुदत ५ वर्षं, आपण लेखी नको म्हटलं नाही तर आणखी ५. तोवर दुसऱ्या कुणामार्फत काम करायचं नाही. सगळ्या मिळकतीवर ३० टक्के, यूट्यूबसकट. पैसे आधी त्यांच्या खात्यात, ४५ दिवसांनी आमच्या. मधेच सोडलं तर २५ लाख. करार संपल्यावरही २ वर्षं नवा मॅनेजर धरायचा असेल तर आधी यांना विचारायचं, यांनी तेवढीच ऑफर दिली तर यांच्याकडेच राहायचं. भांडण झालं तर मुंबईत.

दाजी म्हणतात, "कागद काय वाचता, माणूस बघा. आपल्याकडं शब्दावर चालतं." ताईचं म्हणणं, पोरीचं भलं होत असेल तर आडवं कशाला यायचं. भाची म्हणाली मामा तू वाच. मामाने वाचलं, मामाचं डोकं उठलं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भडंग
पोरीनं सोडलं तर २५ लाख. मॅनेजरनं सोडलं तर किती?

विश्रामबागकर
त्यांनी ३० दिवसांची नोटीस दिली की झालं. पैशाचं काही नाही.

भडंग
मग ह्याला करार कशाला म्हणायचं, सालगडी ठेवल्याची चिठ्ठी म्हणा की.

तासगावची_मनुका
सालगड्यालासुद्धा वर्षाने पाडव्याला सुटका असते हो.

अजिंक्यतारा_७
राहवलं नाही म्हणून लिहितो. मी हाच धंदा करतो, साताऱ्यात, अकरा वर्षं. ऑर्केस्ट्रा, लोकगीतांचे कार्यक्रम, एक-दोन निवेदक. शिव्या पडणार हे धरूनच चाललोय.

लोकांना वाटतं मॅनेजर म्हणजे फोन उचलायचा आणि टक्का कापायचा. मागच्या पौषातलं सांगतो. माणमधल्या एका गावची जत्रा. ठरलेले ७० हजार, बयाणा २० मिळालेला. जाऊन बघतो तर स्टेज म्हणून दोन ट्रॉल्या शेजारी लावलेल्या, मधे वीतभर फट. नाचणाऱ्या मुलीचा पाय गेला असता आत. रात्री आठ वाजता मी फळी शोधत गावभर हिंडतोय. शेवटी अंगणवाडीचा जुना फळा आणून आडवा टाकला. नऊला लाईट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नाही. ते आणेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. दहाला पोलीस आले, स्पीकर बंद. कमिटी म्हणाली कार्यक्रम तासाभराचाच झाला, पैसे निम्मे. अध्यक्ष म्हणाले "सकाळी बघू" आणि झोपायला गेले. मी पोरांना गाडीत झोपवलं आणि देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. पहाटे चारला पेटी फोडून दहा-वीसच्या नोटा मोजून ४३ हजार हातात पडले. निम्म्या नोटांना हळद-कुंकू. आमच्या बँकेतला कॅशियर मला बघितलं की अजून नमस्कार करतो.

हे १९ वर्षांच्या मुलीने करायचं? का तिच्या वडिलांनी दरवेळी? म्हणून टक्का द्यावा लागतो. पण ३०, तोही खर्च न काढता, मी कधी घेतलेला नाही. माझं १५ ते २०. आणि ४५ दिवस? माझ्या ढोलकीवाल्याला मी कार्यक्रम संपल्यावर गाडीतच पैसे देतो, नाहीतर पुढच्या तारखेला तो येतच नाही.

कृष्णाकाठ
दानपेटीच्या नोटा. देवाचाच टक्का की हो तो.

साऊंडवाला
खर्च न काढता ३० म्हणजे काय ते कुणीतरी मांडून दाखवा, कारण सही करणाऱ्याला तिथंच कळत नाही. मीच मांडतो. कार्यक्रम ६० हजारांचा धरा. ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन कोरस मिळून २२ हजार. साऊंड १०. गाडी नि जेवण ६. राहिले २२. ह्यातून मॅनेजरचे साठावर ३० टक्के म्हणजे १८ हजार गेले. गाणारीला ४ हजार. घसा तिचा, चार हजार तिचे.

तेच खर्च काढून उरलेल्या २२ वर ३० टक्के लावले तर मॅनेजरला ६,६०० आणि तिला १५,४००. टक्का तोच, नुसता एक शब्द फिरला.

विश्रामबागकर
अरे बापरे. करारात "ग्रॉस" असंच आहे. मी समजत होतो ग्रॉस म्हणजे ढोबळमानाने.

हिशेबनीस
त्यावर जीएसटी वेगळा आहे का बघा. कंपनी नोंदणीकृत असेल तर कमिशनवर १८ टक्के लावणार, म्हणजे तुमचे ३० चे ३५.४ झाले. साऊंडवाल्यांच्या उदाहरणात १८ हजारांवर आणखी ३,२४०. भाचीच्या हातात ७६० रुपये.

दुसरं, पैसे आधी त्यांच्या खात्यात जाणार असतील तर आयोजक टीडीएस कुणाच्या पॅनवर कापणार? त्यांच्या. म्हणजे मुलगी वर्षभर गाणार आणि तिच्या पॅनवरच्या कराच्या नोंदीत तिने काय कमावलं याची नोंदच नाही. उद्या गाडीला कर्ज मागायला गेली तर दाखवणार काय, गवळण? उलट करा. आयोजकाने पैसे हिच्या खात्यात टाकायचे, मॅनेजरने हिला कमिशनचं बिल द्यायचं.

जाता जाता एक. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर कलाकाराच्या त्या सेवेवर जीएसटी माफ आहे. शिवाय वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तिला नोंदणीही लागत नाही. मात्र कुठल्या साडीच्या दुकानाची ब्रँड अँबॅसिडर झाली तर ती लोककला नव्हे.

तासगावची_मनुका
पैठणीची जाहिरात लोककलेत धरा की हो.

कवलापूरचा_नातू
दाजींच्या "शब्दावर चालतं" याबद्दल. मी तमाशातल्या काळू-बाळूंच्या गावचा. आजोबा फडात पेटीवर होते. लहानपणी त्यांच्या ट्रंकेतली वही बघितलीय. तमाशात कागद नव्हता असं कुणी म्हणू नये, उचलीची वही हाच कागद होता. हंगामाआधी कलाकार मालकाकडून उचल घ्यायचा. लेकीचं लग्न, घरावरचे पत्रे, काहीही कारण असो. मग दसऱ्यापासून नाचून-गाऊन ती फेडायची. दुसऱ्या फडात जायचं तर नव्या मालकाने जुन्याची उचल भागवायची, तेव्हा माणूस सुटायचा. वहीत आजोबांच्या नावापुढे एका साली "फिटली" असं लाल शाईत आहे. त्याच्याच खालच्या ओळीत नवी उचल.

मालकाची तरी कुठं सुटका होती. त्याने स्वतः सावकाराकडून आणलेले असायचे. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येतात, सुपारी ठरते. बघायला लई गंमत वाटते. पण कुठली तारीख कुणी आधीच गहाण टाकलीय ते राहुटीच्या बाहेरून दिसत नाही.

तेव्हा शब्दावर चालायचं हे खरं, पण तो शब्द उचल देणाऱ्याचा. घेणाऱ्याने नुसती मान हलवायची.

विश्रामबागकर
हे दाजींना वाचून दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, "आपण कुठं उचल घेतलीय?"

वकीलीण
कागद न बघता लिहितेय, तेव्हा हे ढोबळ धरा (हिशेबाच्या अर्थी नव्हे, खरंच ढोबळ).

करार संपल्यावरच्या २ वर्षांबद्दल आधी. हाच प्रश्न आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा एका मॅनेजमेंट कंपनीशी ३ वर्षांचा करार होता, २००० सालचा. त्यात असंच कलम होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्याची ऑफर आली तर आधी आम्हाला दाखवायची, आम्ही तेवढीच दिली तर आमच्याकडेच राहायचं. २००३ मध्ये मुदत संपली, तो दुसरीकडे गेला, कंपनी कोर्टात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदतीनंतर हे बंधन चालत नाही. करार कायदा १८७२, कलम २७, धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आणि मॅनेजर-खेळाडूचं नातं विश्वासावर चालतं, विश्वास उडालेल्या माणसाच्या गळ्यात मॅनेजर बांधता येत नाही, असंही त्यात आहे.

पण म्हणून खुशाल सही करा असं नाही. मुदत चालू असताना "दुसरीकडे जायचं नाही" हे बंधन कोर्ट बरेचदा मान्य करतं. ५ वर्षांत दोन वर्षांनी उठून गेलात आणि कारण धड नसेल तर कलम २०५ खाली भरपाई मागता येते. २५ लाख लिहिलेत म्हणून २५ लाखच मिळतील असं मात्र नाही, कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढी भरपाई, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. शिवाय कुठलंही कोर्ट "जा आणि त्याच्यासाठी गा" असा हुकूम देत नाही. घसा काही जप्त होत नाही.

आणि एक विसरतात ते: मॅनेजर हा कायद्याने तुमचा एजंट. मागितला की हिशेब देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, कलम २१३. करारात "हिशेब आम्ही ठरवू तेव्हा" असं असेल तर खोडा.

वय १९ आहे हे बरं. १८ च्या आतल्या मुलांच्या करारांची वेगळीच भानगड असते.

भडंग
मुंबईला भांडायला जायचं ते आधी खोडा. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, भांडण करून रंकाळ्यावर भेळ खाऊन संध्याकाळी घरी.

वकीलीण
असली भांडणं आधी खालच्या कोर्टात जातात हो, थेट हायकोर्टात नाही. पण भेळेचा मुद्दा मान्य.

गप्पिष्ट_सातारकर
पलूस म्हणजे नागठाण्याजवळ ना? बालगंधर्वांचं नागठाणे आमच्या साताऱ्यातलं. हायवेला आहे.

कृष्णाकाठ
झालं सुरू. हायवेचं नागठाणे वेगळं, बालगंधर्वांचं नागठाणे पलूस तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. पेढे तुमचे, गंधर्व आमचे. वाद मिटला.

गप्पिष्ट_सातारकर
पेढ्यांवर मिटवून घेतो. पण विषयाला धरूनच बोलतो मी. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे नटांनीच मालक व्हायचं ठरवलं. पुढे भागीदार सोडून गेले, मंडळी कर्जात बुडाली. शालू खरे, अत्तर खरं, हिशेब बघणारा कुणी नाही. मॅनेजर नको म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

अजिंक्यतारा_७
आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं, तेही पेढे हरल्यावर.

कृष्णाकाठ
१८४३ च्या सीतास्वयंवर नाटकाला विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन होते. हल्ली राजाश्रय नाही म्हणून मॅनेजर. फरक एवढाच की राजेसाहेब टक्का मागत नव्हते.

टाळ_मृदंग
लिहू का नको करत होते. लिहिते.

मी कराडची. २०१९ मध्ये एकाबरोबर करार केला, तीन पानी, मराठीत. टक्का २०, मुदत ३ वर्षं, सगळं बरं दिसत होतं. वाईट माणूस नव्हता. घरी यायचा, आईच्या हातची आमटी प्यायचा. त्याने चॅनेल काढून दिलं, कारण मला त्यातलं येत नव्हतं. ईमेल त्याने स्वतःच्या नावाने उघडला, नंबर त्याचा. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे याचा कधी विचार करतो का आपण?

लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद, कटकटी झाल्या, मुदत संपली, वेगळे झालो. भांडण नाही, काही नाही. मग मी चॅनेल मागितलं. तो म्हणाला "ते कंपनीचं आहे." करार काढून बघितला तर चॅनेलबद्दल एक अक्षर नाही. ना त्याचं, ना माझं. बासष्ट गाणी. माझ्या आईने पाठीमागे कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून गॅस बंद करून उभं राहायचं, तेव्हा रेकॉर्ड केलेली. त्यांचे पैसे अजून तिकडे जातात. सकाळी चहा पिताना मी माझ्याच गाण्याखालचे आकडे बघते. आता सोडलंय बघणं. म्हणजे, कमी केलंय.

तेव्हा विश्रामबागकर, टक्क्याचं घासाघीस करून घ्याल. चॅनेलचा ईमेल आणि नंबर कुणाचा आहे ते आज घरी जाऊन बघा.

विश्रामबागकर
ताई, आत्ताच फोन केला. ईमेल भाचीचा आहे. पण पंधरा दिवसांपूर्वी मॅनेजरने "सेटिंग करून देतो" म्हणून पासवर्ड घेतलाय.

साऊंडवाला
बदला. आत्ता. धागा नंतर वाचा.

हिशेबनीस
आणि दोन टप्प्यांचा कोड तिच्याच मोबाईलवर येतोय ना ते बघा. मॅनेजरला बघायपुरता प्रवेश वेगळा देता येतो, पासवर्ड द्यावा लागत नाही.

वकीलीण
टाळ_मृदंग, तुमच्या गाण्यांत शब्द-चाल कुणाची आहे त्यावर बरंच अवलंबून. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, आणि लेखी देऊनही मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात. "करारात एक अक्षर नाही" हे तुमच्या विरोधातच जातं असं समजू नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी नाही.

टाळ_मृदंग
करते. 🙏

परदेशी_पाव्हणा
एल्विस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल पार्कर पुढे पुढे ५० टक्क्यांपर्यंत घ्यायचा. तुमचा ३० वाला साधू आहे.

भडंग
एल्विसच्या मागं ढोलकीचे २२ हजार जात नव्हते.

अजिंक्यतारा_७
एका मुद्द्यावर वकीलीणताईंशी भांडायचंय. करार संपल्यावर काही मिळू नये हेही बरोबर नाही. मी एका मुलीला तीन वर्षं एका गावच्या जत्रेत नेलं. पहिल्या वर्षी कमिटी तिला ओळखत नव्हती, मी माझ्या शब्दावर उभी केली. करार संपला, चौथ्या वर्षी कमिटीने थेट तिला फोन केला. कार्यक्रम तोच, स्टेज तेच, मी घरी. माझ्या त्या तीन वर्षांच्या खेट्यांचं काय?

वकीलीण
त्यात भांडण कुठे आहे? "दुसरीकडे जाऊ नको" वेगळं आणि "मी आणून दिलेल्या कामाचा माझा टक्का दे" वेगळं. दुसरं लिहून घेता येतं. तुम्ही मुदतीत ठरवलेले कार्यक्रम नंतर झाले तर पूर्ण टक्का, तुम्ही जोडलेल्या आयोजकाने पुन्हा बोलावलं तर वर्षभर निम्मा, पुढे काही नाही. गावांची यादी कराराला जोडायची. मी तुमची वकील असते तर हेच मागितलं असतं.

अजिंक्यतारा_७
फी किती म्हणालात?

वकीलीण
तुम्हाला आहे.

विश्रामबागकर
(अकरा दिवसांनी) धागा वर काढतोय, विचारत होते त्यांच्यासाठी.

तो शनिवार गेला. पुढचाही गेला, आकाश कोसळलं नाही. शेवटची तारीख म्हणजे काय असते ते कळलं. पुढच्या बुधवारी मॅनेजर, दाजी, भाची आणि मी विश्रामबागेतच एका हॉटेलात बसलो. मी इथले मुद्दे वहीत उतरवून नेले होते. त्याने वही बघितली आणि विचारलं, "वकील लावला का?" मी म्हटलं नाही, गाव लावलंय.

झालं ते असं. मुदत २ वर्षं, आपोआप वाढणार नाही. सोडायचं तर दोघांनाही ३ महिन्यांची नोटीस, २५ लाख गेले. खर्च काढून २० टक्के. पैसे भाचीच्या खात्यात, तो बिल देणार. मुदतीनंतरच्या कामाचं अजिंक्यतारा आणि वकीलीण यांचं निम्म्या टक्क्याचं सूत्र मीच पुढे केलं, तर तो चक्क खूश झाला. म्हणाला हे आमच्या लोकांच्या डोक्यात का आलं नाही.

अडलं ते यूट्यूबवर. म्हणतो चॅनेलवर टक्का नाही तर मी तिला मोठी करून मला काय? यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही म्हटलं, तुम्ही आल्यावर जी गाणी निघतील त्यांच्यावर घ्या, विहिरीच्या कट्ट्यावरची गवळण तिची. "वरती विचारून सांगतो" म्हणून गेलाय. वरती म्हणजे कुठे ते त्यालाच माहीत. सही अजून नाही.

दाजींचं सांगायचं राहिलं. मधल्या काळात जतकडच्या एका कमिटीने राहिलेले १५ हजार बुडवले. "असं ठरलंच नव्हतं" म्हणाले. दाजी परवा बाजारातून पावतीपुस्तक घेऊन आले. कार्बनवालं.

भडंग
आणि पासवर्ड?

विश्रामबागकर
त्याच रात्री बदलला. मलाही सांगत नाही.

नवीन_सभासद
धागा सगळा वाचला, पण ती गवळण कुठं ऐकायला मिळेल? लिंक द्या की राव.

विश्रामबागकर
व्यनि केलाय. कमेंट करताना मराठीत करा, तिची आजी वाचते.